आपत्तीची भरपाई आणि प्राप्तिकर

एखाद्या शेतकऱ्याचा बैल शेजाऱ्याच्या हयगयीमुळे विहिरीत पडून मेला आणि पंचांनी शेजाऱ्याकडून त्यास बैलाची किंमत देवविली, तर त्या शेतकऱ्यास नफा झाला असे गावातला कोणीही म्हणणार नाही. त्याच्या हाती पैसे आले हे खरे. पण त्यापूर्वी त्याच्या गोठ्यातून बैल गेला होता. पैसे आल्याने तो होता तेथवर, किंवा त्याच्या आसपास, पुन्हा आला इतकेच. ही गोष्ट गावात सर्वांस उमगते. परंतु बैलाच्या जागी माणसाचे डोळे, फुप्फुसे, घर, दुकान किंवा घरातला कमावता पुरुष आला, शेजाऱ्याच्या जागी मोठा कारखाना आला आणि पंचांच्या जागी न्यायालय आले, म्हणजे हाच साधा प्रश्न अवघड होऊन बसतो. भरपाईची रक्कम बँकेत जमा होते, आणि काही दिवसांनी वारसाच्या मनात शंका येते : ह्या रकमेवर प्राप्तिकर, म्हणजे लोक ज्यास इन्कमटॅक्स म्हणतात तो, भरावा लागेल काय ?

ह्या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तथापि ते शोधण्याची वाट फार कठीण नाही.

प्राप्तिकर हा नावाप्रमाणेच प्राप्तीवरील कर आहे. हाती येणारा प्रत्येक पैसा ही प्राप्ती नव्हे. कर्जाऊ घेतलेले पैसे ही प्राप्ती नव्हे, आणि उसने दिलेले परत आले तर तीही प्राप्ती नव्हे. मग प्राप्ती म्हणजे काय ? भारतातील एका खटल्यात, १९३२ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ह्याचे उत्तर देताना झाडाच्या फळाचा व शेतातील पिकाचा दाखला दिला होता. तो खटला शॉ वॉलेस ह्या व्यापारी कंपनीचा होता. तेल कंपन्यांनी तिची एजन्सी काढून घेतली व त्याबद्दल तिला भरपाई दिली. ही रक्कम प्राप्ती समजून तिच्यावर कर मागण्यात आला, तेव्हा न्यायाधीशांनी ती प्राप्ती नव्हे असा निर्णय दिला. झाड उभे असताना दर वर्षी येणारे फळ ही प्राप्ती होय. झाडच कोणी तोडून टाकले आणि त्याची किंमत दिली, तर ती किंमत फळ होत नाही. कायद्याच्या भाषेत पहिलीस महसुली जमा व दुसरीस भांडवली जमा म्हणतात.

ह्यावरून एक कसोटी निघते. भरपाईच्या रकमेकडे पाहून ‘ही किती ?’ असे न विचारता ‘ही कशाच्या बदली ?’ असे विचारावे. गेलेल्या डोळ्याच्या बदली, पतीच्या किंवा पुत्राच्या प्राणाच्या बदली मिळालेली रक्कम तुटलेल्या झाडाची किंमत होय. परंतु कारखान्यातील अपघातामुळे एखाद्या व्यापाऱ्याचे दुकान तीन महिने बंद राहिले आणि त्या तीन महिन्यांच्या बुडालेल्या नफ्यापोटी त्यास पैसे मिळाले, तर ते फळाच्या बदली मिळाले. फळावर जसा कर, तसाच सामान्यतः त्यांवरही. साहजिकच, एकाच माणसास एकाच धनादेशाने मिळालेल्या रकमेत दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात. अडचणीचा उगम येथेच आहे.

ह्या दृष्टीने भोपाळचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांस त्या दुर्घटनेची ओळख करून देण्याचे कारण नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मेथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मेली, लाखोंची प्रकृती कायमची बिघडली. १९८५ साली संसदेने एक विशेष अधिनियम करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ च्या मे महिन्यात हा दावा भारतातच चालावा असे सांगितले. पुढे १९८७ च्या डिसेंबरात भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव ह्यांनी ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा हुकूम दिला; उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती रक्कम २५० कोटींवर आणली. शेवटी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे ४७ कोटी डॉलर्सची तडजोड झाली.

ही तडजोड न्याय्य होती काय, ह्यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रकमेपुरती ती कायम ठेवली, आणि रक्कम वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली अखेरची याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळण्यात आली. सुमारे ५ लाख ७४ हजार दाव्यांमध्ये हा पैसा वाटला गेला. बहुसंख्य आजारी माणसांच्या वाट्यास प्रथम २५,००० रुपये आले. मूळ रक्कम डॉलरमध्ये असल्याने आणि व्याज साचल्याने जवळजवळ १,५०० कोटी रुपये शिल्लक राहिले होते. ते त्याच दावेदारांमध्ये प्रमाणशीर वाटावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००४ मध्ये दिला.

कराच्या दृष्टीने ह्या पैशाचे काय झाले ? प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या दहाव्या कलमात त्यासाठी एक स्वतंत्र उपकलम, १० बीबी, घालण्यात आले. १९८५ च्या भोपाळ अधिनियमाखाली किंवा त्याखालील योजनेप्रमाणे मिळालेली कोणतीही रक्कम करपात्र प्राप्तीत धरू नये, असे त्यात म्हटले आहे. डोळ्यांसाठी किती, बुडालेल्या मजुरीसाठी किती, मनस्तापासाठी किती, असा हिशेब पीडितास विचारला जाऊ नये हा त्या तरतुदीचा मोठा गुण. ज्या बाईस न्यायालयाच्या हुकुमावर अंगठा उठवावा लागतो, तिने भांडवली व महसुली जमेतील भेद समजावून द्यावा अशी अपेक्षा कायद्याने केली नाही.

पंचवीस हजार रुपयांवर असा कितीसा कर बसला असता, असे कोणी म्हणेल. परंतु भरपाईचे वाटप १९९२ मध्ये सुरू झाले, तेव्हा वर्षाची करमुक्त मर्यादा तीस हजारांच्याही आत होती, आणि मृत्यूच्या दाव्यांत मंजूर होणारी रक्कम लाख रुपयांच्या वर जात असे. ती प्राप्ती ठरली असती, तर नवऱ्याच्या मृत्यूची किंमत घेऊन आलेल्या विधवेचे नाव त्या एका वर्षापुरते करदात्यांच्या यादीत गेले असते. उपकलमाने हा प्रसंग टाळला.

त्या माफीस एक अपवाद आहे, आणि तो न्याय्य आहे. समजा, एका दुकानदाराचा ८०,००० रुपयांचा माल दुर्घटनेत निकामी झाला आणि त्याने त्या वर्षीच्या हिशेबात हा तोटा दाखवून तेवढ्या प्राप्तीवरील कर वाचविला. पुढे त्यास १,००,००० रुपयांची भरपाई मिळाली. आता सगळी रक्कम माफ केली, तर एकाच तोट्याचा लाभ त्यास दोनदा मिळेल. म्हणून ज्या ८०,००० ची वजावट त्याने आधीच घेतली, तेवढ्यापुरती माफी मिळत नाही. उरलेल्या २०,००० वर मिळते. ज्याने तोट्याची वजावट कधी घेतलीच नाही, त्यास ह्या अपवादाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

भोपाळसाठी केलेली तरतूद फक्त भोपाळपुरतीच होती. इतर आपत्तींसाठी सर्वसाधारण नियम येण्यास २००७ साल उजाडले. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने १० बीसी हे उपकलम आणले व ते १ एप्रिल २००५ पासून लागू धरले. आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था ह्यांच्याकडून एखाद्या व्यक्तीस अगर तिच्या वारसास मिळालेली भरपाई त्याने करमुक्त केली. वजावटीचा वरील अपवाद येथेही आहे. आपत्ती कशास म्हणावे, हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमावरून ठरते. त्यात पूर व भूकंप ह्यांबरोबर माणसाच्या हातून अथवा हयगयीने घडलेली संकटेही येतात. मे २०२० मध्ये विशाखापट्टणम येथील कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा आंध्र प्रदेश सरकारने मृतांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. अशी सरकारी रक्कम ह्या उपकलमाच्या छत्राखाली येते.

पण ह्या छत्राची मर्यादा त्याच्या शब्दांतच आहे. पैसे सरकारकडून किंवा स्थानिक संस्थेकडून आलेले असले पाहिजेत. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबी येथील झुलता पूल तुटून १३५ माणसे मरण पावली. गुजरात उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुलाची व्यवस्था पाहणाऱ्या खासगी कंपनीस, मृतांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी १० लाख व जखमींस प्रत्येकी २ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यावी, असा आदेश दिला. दुःख तेच, मृत्यू तसाच. परंतु देणारा हात खासगी असल्यामुळे अशी रक्कम १० बीसीच्या शब्दांत बसत नाही. अर्थात म्हणून ती करपात्र ठरते असे मुळीच नाही. प्राणाची किंमत ही भांडवली जमा आहे, हे जुने तत्त्व तिच्या पाठीशी उभे असतेच. फरक एवढाच की, एका पीडिताच्या हाती छापील तरतूद असते आणि दुसऱ्यास तत्त्वाचा आधार घेऊन बोलावे लागते. साध्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

न्यायालयाचा आदेश नसताना, केवळ सहानुभूतीने कोणी मदत दिली तर प्रश्न आणखी नाजूक होतो. नातेवाईक नसलेल्याकडून मोबदल्यावाचून वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम मिळाली, तर काही अपवाद वगळता ती प्राप्तीत धरण्याचा नियम आहे. करोनाच्या साथीत अनेक कुटुंबांस मालकांनी व मित्रमंडळींनी मदत केली, तेव्हा ह्या नियमाची अडचण ध्यानात आली. २०२२ च्या वित्त अधिनियमाने मागील तारखेपासून सूट दिली : मृत्यूनंतर मालकाकडून आलेली सर्व रक्कम, आणि इतरांकडून आलेली १० लाखांपर्यंतची रक्कम, ठरलेल्या अटींवर करमुक्त झाली. येथेही संकट आधी आले आणि कायदा मागून आला.

आता व्याजाकडे वळले पाहिजे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. दावे वर्षानुवर्षे चालतात. म्हणून न्यायालय भरपाईवर व्याजही देते. मूळ भरपाई करमुक्त, तर तिच्यावरील व्याजही करमुक्त, असे पुष्कळजण गृहीत धरतात. वास्तविक २००९ च्या दुरुस्तीने अशा व्याजास, ते ज्या वर्षी हाती पडेल त्या वर्षाची प्राप्ती मानले आणि त्याच्या निम्म्या रकमेची वजावट दिली. ह्या नियमाची धार मोटार अपघातांच्या दाव्यांत विशेष जाणवली. १९७८ साली बालपणी जखमी झालेल्या एका दावेदाराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने असे ठरविले की, दावा दाखल झाल्यापासून निवाडा होईपर्यंतचे व्याज हा भरपाईचाच भाग आहे. ती प्राप्ती नव्हे. उशीर दावेदाराने केलेला नसतो, मग उशिराच्या किमतीवर त्याने कर का द्यावा, हा विचार त्यामागे दिसतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाने व्यक्तीस दिलेले व्याज करमुक्त करावे, असा प्रस्ताव २०२६-२७ च्या अर्थसंकल्पातही मांडण्यात आला. परंतु मोटार अपघातासाठी जे घडले ते पूल, कारखाना किंवा आग ह्यांच्या दाव्यांस आपोआप लागू होत नाही. म्हणून व्याजाचा आकडा मूळ भरपाईपासून नेहमी वेगळा मांडून ठेवावा.

भरपाई हाती आल्यानंतर बँकेत ठेव म्हणून ठेवली, तर त्या ठेवीचे व्याज ही मात्र निखळ प्राप्ती होय. तोडलेल्या झाडाच्या किमतीतून नवे झाड लावले. त्याचे फळ इतर फळांसारखेच. अज्ञान मुलाच्या नावे ठेव असेल, तर तिचे व्याज सामान्यतः आईवडिलांपैकी ज्याची प्राप्ती अधिक त्याच्या प्राप्तीत मिळविले जाते. मूल कायद्याने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत अपंग असेल तर तसे मिळविले जात नाही, त्याचा हिशेब स्वतंत्र राहतो. आपत्तीत अपंग झालेल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. पुष्कळदा ती त्यांस कोणी सांगत नाही.

कायदा उशिरा बोलला म्हणजे काय होते, ह्याचे मोठे उदाहरण अमेरिकेत पाहावयास मिळते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात विजेच्या जुनाट तारांच्या यंत्रणेतून वणवा पेटला. पॅराडाइज नावाचे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि ८५ माणसे मरण पावली. वीज कंपनीने दिवाळखोरीचा आश्रय घेतला. त्या तडजोडीतून, ह्या व इतर वणव्यांतील पीडितांसाठी १,३५० कोटी डॉलर्सचा एक विश्वस्त निधी ठरविण्यात आला. त्यातील निम्मा भाग रोख व निम्मा कंपनीच्या शेअरांच्या रूपाने होता.

अमेरिकेच्या कायद्यात शारीरिक दुखापतीची भरपाई करमुक्त आहे. परंतु १९९६ पासून ‘शारीरिक’ ह्या शब्दावर कटाक्षाने भर देण्यात आला, त्यामुळे केवळ मनस्तापाची भरपाई बहुधा करपात्र ठरते. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट होती. तेथे वकील भरपाईचा ठराविक हिस्सा फी म्हणून घेतात. तो हिस्सा परस्पर वकिलास गेला तरी तो पक्षकाराच्याच प्राप्तीत धरावा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले होते, आणि २०१८ पासून लागू झालेल्या करसुधारणेने अशा खर्चाची वजावट बहुतेक प्रकरणांत बंद केली. त्यामुळे घर जळालेल्या माणसाला, जो पैसा त्याच्या हाती आलाच नाही त्यावरही कर मागितला जाण्याची वेळ आली. भारतात वकिलास असा हिस्सा घेण्यास मनाई आहे, आणि भोपाळमध्ये तर वादीच सरकार होते. म्हणून हे संकट येथे त्या रूपात आले नाही.

ह्यावरचा उपाय वॉशिंग्टनमध्ये १२ डिसेंबर २०२४ रोजी कायदा होऊन आला. २०१४ नंतर आपत्ती म्हणून जाहीर झालेल्या वणव्यांबद्दल, २०२० ते २०२५ ह्या वर्षांत मिळालेली भरपाई त्याने संघराज्याच्या प्राप्तिकरातून वगळली. ओहायोतील ईस्ट पॅलेस्टाइन येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये रसायने नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली होती. तेथील रहिवाशांच्या भरपाईसही त्याने सूट दिली. पण पॅराडाइजच्या वणव्यास तोवर सहा वर्षे उलटली होती. ज्यांनी आधीच कर भरला होता, त्यांस परताव्यासाठी पुन्हा अर्ज करावे लागले. शिवाय त्या कायद्याची मुदत २०२५ बरोबर संपेल असे त्यातच लिहिलेले होते. ज्यास भरपाई एक वर्ष उशिरा मिळाली त्याचे नुकसान काही कमी झालेले नसते. पण त्या कायद्यातील सूट तारखेवर अवलंबून राहिली.

ह्या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. भरपाई ही प्राप्ती नव्हे, हे तत्त्व जुने व पक्के आहे. तथापि तत्त्व पक्के असणे आणि ते पीडिताच्या कामी येणे ह्यांत अंतर असते. ते अंतर कायद्याने आधीच भरून काढले पाहिजे : पैसे सरकारने दिले की कंपनीने, दावा मोटारीचा की पुलाचा, ह्यांवर माफी अवलंबून असू नये. २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून अंमल ठरवून करण्यात आला, आणि दहाव्या कलमातील सवलती त्यात अनुसूचींच्या रूपाने मांडण्यात आल्या. मांडणी बदलली, पण खासगी हातून, न्यायालयाच्या आदेशाने येणाऱ्या आपत्तीच्या भरपाईसाठी सरळ शब्दांत एक ओळ घालण्याची गरज त्याने संपत नाही.

तोवर पीडितांनी व त्यांच्या वारसांनी काही कागद जपून ठेवावेत. न्यायालयाचा आदेश किंवा तडजोडीचा लेख, त्यात कोणत्या नुकसानीसाठी किती रक्कम ते स्पष्ट लिहिलेले असावे; तडजोड होत असतानाच वकिलाकडून तसे लिहवून घ्यावे, मागाहून ते साधत नाही. व्याजाचा तक्ता वेगळा असावा. पूर्वी तोट्याची वजावट घेतली असल्यास त्या वर्षाचे विवरणपत्र जवळ असावे. व्याजातून कर आधीच कापला गेला असेल, तर त्याचा दाखला मागून घ्यावा आणि देय नसलेला कर परत मागावा. विवरणपत्र भरत असल्यास करमुक्त रक्कमही त्यात त्या सदराखाली दाखवावी. लपविण्यासारखे त्यात काही नसते.

जुन्या व्यवहारात पैसे पुरेपूर पोचल्याच्या पावतीसही भरपाई म्हणत. आपत्तीत गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही, म्हणून त्या अर्थाने ही भरपाई कधी पुरी होत नाही. निदान जी मिळाली ती तरी घरात पूर्ण पोचावी, एवढी काळजी राज्यास घेता येते.